नोंद राहून गेलेली वही

आमच्या गावात मी मुदर्रिस, म्हणजे शाळामास्तर म्हणून तीस वर्षं काढली. गाव नांदूरघाटपासून दोन कोसांवर आणि शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीत. या तीस वर्षांत गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराची अर्जी मी लिहून दिली. कुणाची बांधाची, कुणाची हरवलेल्या म्हशीची, कुणाची सासरा बायकोला नांदायला पाठवत नाही म्हणून. स्वतःसाठी एकच अर्जी करायची होती, तीही अर्ध्या कागदाची. ती राहून गेली. आता दात पडले, नजर गेली, तरी ती आठवली की मला स्वतःचा राग येतो. दुसऱ्याचा फारसा येत नाही. दुसऱ्यावर रागवायलाही अंगात जोर लागतो.

आमच्याकडे कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले. शेतात, घरात, बाजारात मराठी. पण तहसिलीतून जो कागद येई तो उर्दूत. पटवारी वाचून दाखवी तेवढंच लोकांना कळे आणि पटवारी वाचून दाखवी ते सगळंच खरं असे असं नाही. एकदा गावातल्या एका कुणब्याला समन आलं. त्याला वाटलं, बायकोनं दर्ग्यातून तावीज मागवला होता तोच आला. त्यानं तो कागद घडी घालून, काळ्या दोऱ्यात ओवून गोठ्याच्या चौकटीला बांधला. रोज उदबत्ती फिरवी. तारीख निघून गेली, फैसला त्याच्याविरुद्ध झाला आणि जमीन गेल्यावर तो माझ्याकडे तावीज घेऊन आला. मी तो उघडून वाचला.

त्या दिवसापासून मी एक पद्य रचायला घेतलं. कचेरीत लागणारे उर्दू शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ, तोंडी राहतील असे. प्रत्येक चरणात आठ अक्षरं, दोन ओळींना यमक, बस्स. सुरुवात अशी होती:

अर्जी म्हणजे विनंती, दस्तखत तीच सही;
गवाह म्हणजे साक्षी, इन्कार म्हणजे नाही.

मुद्दई म्हणजे वादी, मुलजिम तो आरोपी;
हाजिर म्हणजे उभा, काढून हातात टोपी.

याला कुणी काव्य म्हणेल असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. पण अशा दोनशेच्या वर ओळी रचायला मला चार वर्षं लागली. अर्थ नेमका बसला तर अक्षर वाढे, अक्षर बसवलं तर अर्थ निसटे. शाळेत जाता-येता, विहिरीवर, जेवताना बोटं मोजत बसायचो. बायको म्हणायची, "भाकर गार झाली. आता बोटं चाटा, मोजू नका." पण तीच माझी पहिली विद्यार्थिनी. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं आणि तिच्या तोंडात जी ओळ अडे ती मी पुन्हा करी. तिच्या तोंडात बसली की मी ती वहीत बोरूनं उतरून घेई.

मुलं शिकली, मुलांकडून घरोघर गेली. बायका जात्यावर म्हणू लागल्या, धनगर मेंढरामागं म्हणू लागले. दोन-तीन वर्षांत युसूफ वडगावच्या बाजारात एक अनोळखी माणूस बैलाचा सौदा करताना 'इन्कार म्हणजे नाही' म्हणून हात झटकताना मी स्वतः पाहिला. मी त्याला विचारलं, "हे कुठं शिकलात?" तो म्हणाला, "शिकायचं काय त्येच्यात? सगळेच म्हनत्यात." मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी पेढे नेले. कवितेखाली नाव घालायची आपल्याकडे संतांपासून रीत आहे, पण शब्दार्थाच्या यादीला कसलं नाव घालायचं, असं मला वाटे. नाव न घालण्यात माझा थोडा तोराही होता, हेही कबूल करतो.

बीडला एक म्हातारे छापखानेवाले होते. शिळेवर छापायचे, उर्दूही छापायचे, मराठीही. शाळेची हजेरीपत्रकं आणायला मी त्यांच्याकडे जाई. एकदा वही बरोबर होती. त्यांनी चष्मा लावून ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, मधे चहा आला तोही थंड झाला.

"मास्तरसाब," ते म्हणाले, "ही छापू नका."

मी म्हटलं, "इतकी वाईट आहे?"

"लई चांगली हाय, म्हणून म्हणतो. आधी नोंद करा, मग छापू. सरकारात किताबीची नोंद होते. हक्के-तस्नीफ म्हणतात त्याला. लिहिणाऱ्याचा हक्क. एक अर्जी, दोन प्रती आणि थोडी फी. ते तारीख टाकून शिक्का मारून देतात."

मी हसलो. म्हटलं, "माझ्या पोराचा बाप मीच आहे असं सरकारकडून लिहून घेऊ का?"

ते हसले नाहीत. त्यांनी बाजूच्या फळीवरून दोन पुस्तकं काढून माझ्यापुढं ठेवली. दोन्ही तीच, नावं मात्र दोन निरनिराळ्या माणसांची. "ह्यातला खरा कोण ते मला ठाऊक हाय," ते म्हणाले, "पण मी मेलो की कुणाला ठाऊक ऱ्हानार? कागद मरत न्हाई, मास्तरसाब. नोंद असली तर दुसऱ्याला छापायच्या आधी तुमाला पुसावं लागतं. तुमी हो म्हणा, न्हाई म्हणा, अटी घाला. तुमच्या मागं तुमच्या बायकापोरांना पुसावं लागतं. आणि तंटा झाला तर साक्षीदार गोळा करत फिरावं लागत न्हाई. साक्षीदार लई वाईट चीज हाय."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं. मी मान हलवली आणि वही काखेत मारून परत आलो.

अर्जी का केली नाही, याची कारणं मी पुढं स्वतःला पुष्कळ दिली. फी हे कारण नव्हतं. खरं कारण एवढंच की वही मला पूर्ण वाटत नव्हती. सतरा-अठरा ओळी अजून अडत होत्या. म्हटलं, सरकारदरबारी जायची तर निर्दोष जावी. या दिवाळीला करू, त्या पाडव्याला करू. मी ओळी सुधारत राहिलो, आणि ज्या सुधारायच्या होत्या त्या पुढं जशाच्या तशा छापून आल्या.

त्याच सुमाराला एक मास्तर आमच्याकडे तीन आठवडे राहिला. बदलीच्या गावी जाताना वाटेत ताप आला म्हणून उतरला. तरणा, गोड बोलणारा, माझ्या बायकोला पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणणारा. तिनं त्याला पेज करून घातली, त्याचे कपडे धुतले. बरा झाल्यावर त्यानं वही मागितली. म्हणाला, "दादा, नक्कल करून घेऊ का? माझ्या शाळेतल्या पोरांना होईल." आमच्याकडे पोथी मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. नक्कल करणाऱ्याला पुण्य आणि करू देणाऱ्याला दुप्पट, असं माझे वडील सांगत. मी त्याला ओसरीत बसवलं, दौत दिली, बोरू तासून दिला. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्याचं अक्षर गचाळ आणि चुका फार, तेव्हा मी रोज दुपारी बसून त्याची नक्कल तपासून दिली. स्वतःच्या हातानं, लाल शाईनं.

पुढं दोन वर्षांनी बीडहून शाळेचं सामान आलं. खडू, पाटीच्या लेखण्या आणि वीस पुस्तकं. जिल्ह्यातल्या मराठी शाळांना लावलेलं नवं पुस्तक. मी ओसरीच्या पायरीवर उभ्या उभ्याच उघडलं. 'अर्जी म्हणजे विनंती, दस्तखत तीच सही.' वर त्या मास्तराचं नाव. खाली बारीक अक्षरात, सर्व हक्क लेखकाने राखून ठेवले आहेत, सरकारात नोंद आहे. अडलेल्या सतरा-अठरा ओळीही तशाच अडलेल्या. शेवटी मात्र एक नवी ओळ, आणि तिच्यात त्याचं नाव.

मला आधी राग आलाच नाही. मी खाली बसलो आणि मुलांना सुटी दिली.

बायको मात्र पेटली. "आयत्या बिळावर नागोबा! माज्या हातची पेज पिऊन गेला मेला. तुमी गप कावून बसलाव? लिवा की अर्जी. गावाच्या लिवताव." मग मी लिहिली, तालिमातीच्या मोहतमिमांना, म्हणजे शाळाखात्याच्या जिल्ह्याच्या साहेबांना. वहीही सोबत पाठवली. वरातीमागून घोडं कसं असतं ते मला त्या वेळी चांगलं कळलं. पैसा मला नको होता. पुस्तक बंद व्हावं असंही मला वाटत नव्हतं. त्यावर माझं नाव यावं आणि त्या अडलेल्या ओळी सुधारायची मुभा मला मिळावी, एवढंच मी मागितलं होतं. माझ्या आयुष्यात मी केलेली नीटस अशी ती एकच गोष्ट होती. दुसरी नव्हती, पुढंही झाली नाही.

साहेब भला माणूस. पुण्याईनं असे साहेब मिळतात. त्यांनी उलट लिहिलं की दौऱ्यावर येईन तेव्हा गावातच चौकशी करीन. ही रचना मास्तरांचीच असेल तर गावाला ठाऊक असेलच.

हे कळताच गावच्या पाटलांनी कंबर कसली. पाटील माझे जिवाभावाचे. "मास्तर, तुमी निवांत ऱ्हावा," ते म्हणाले, "आमी हाय ना!" आणि आमच्या गावाला साक्षीचा सराव होता. आदल्याच साली शेजारच्या गावाशी गायरानाचा तंटा झाला होता. आमची गुरं तिथं आजा-पणजापासून चरतात, असं सात म्हाताऱ्यांनी एका सुरात सांगितलं आणि वहिवाट जुनी म्हणून गायरान आम्हाला मिळालं. तेव्हापासून गावानं एक धडा पक्का केला होता: जितकं जुनं सांगाल तितका दावा पक्का. पाटलांनी माझ्यासाठी साक्षीदार निवडले ते त्याच सात जणांतले. आमच्या भागात हक्क म्हटला की तो जमिनीचाच, दुसऱ्या कसल्या हक्काशी कुणाचा कधी संबंधच आला नव्हता. त्यांनी काय ठरवलंय, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. माझ्यासाठी कुणी उभं राहतंय, एवढ्यानंच मी निर्धास्त झालो होतो.

सकाळी चावडीत घोंगडी अंथरली. साहेब बसले, पुढं माझी वही आणि छापील पुस्तक. पहिला साक्षीदार म्हणजे सत्तरीचा एक धनगर. त्यानं बेलभंडारा उचलला, म्हणजे देवाची शपथ घेतली, आणि साहेबांनी विचारलं, "हे पद्य तुम्हाला ठाऊक आहे?"

"हाय की!" म्हातारा म्हणाला आणि त्यानं बसल्या जागी वीस ओळी खडाखड म्हणून दाखवल्या. एक अक्षर चुकलं नाही. माझा ऊर भरून आला.

"हे तुम्ही कधीपासून ऐकता?"

म्हाताऱ्यानं एकदा पाटलांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया होती, ती मी आजही विसरलेलो नाही. "साहेब," तो म्हणाला, "ह्ये आमच्या गावचं लई जुनं हाय. माजा आजा मेंढरामागं ह्येच म्हनायचा. त्येच्या आज्यापासून हाय म्हनत्यात."

साहेबांनी लेखणी थांबवली. "मास्तरांच्या जन्माच्या आधीपासून?"

"तर ओ! लई आदीपासून. अस्सल हाय. काल-परवाचं न्हाई."

चावडीत सगळ्यांनी माना डोलावल्या. पाटलांनी माझ्याकडे पाहून मिशीवर हात फिरवला. दुसरा साक्षीदार आला, त्यानं पणजापर्यंत नेलं. तिसऱ्यानं सांगितलं की गाव वसलं तेव्हाच हे होतं. प्रत्येक जण माझी बाजू आणखी भक्कम करून खाली बसत होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण इथं मारुती घडवणारे सगळे माझेच लोक होते.

साहेब माझ्याकडे वळले आणि उर्दूत म्हणाले, "मास्तर, तुम्ही म्हणता हे तुम्ही चार वर्षं बसून रचलं. हा म्हातारा शपथेवर सांगतो की याच्या आजानं म्हटलं. तुमच्यापैकी एक जण खोटं बोलतोय. हा खोटं बोलतो असं तुम्हाला म्हणायचं आहे का? असेल तर तसं लिहून घेतो, आणि शपथेवरच्या खोट्या साक्षीचं पुढं काय करायचं ते तहसिली पाहील."

म्हातारा अजून हसतच होता. साहेबांचं उर्दू त्याला पुरतं कळलंही नव्हतं. त्याच्या नातवाला मी शिकवत होतो. बायकोच्या बाळंतपणात त्याच्याच घरून दूध आलं होतं. मी म्हटलं, "नाही साहेब. म्हातारं माणूस आहे. ऐकलं असेल."

एवढं वाक्य बोललो आणि माझी चार वर्षं गेली.

साहेबांनी फैसला तिथंच उर्दूत लिहिला आणि मला वाचून दाखवला. रचना पुरातन आहे, कर्ता अज्ञात आहे. अर्जदार मास्तरांचा दावा त्यांच्याच साक्षीदारांनी खोडून काढला. पुस्तक गोळा करून छापणाऱ्यानं रीतसर नोंद केलेली आहे, तारखेचा शिक्का आहे, सबब त्याचा हक्क कायम. माझी वही त्यांनी परत दिली. दफ्तरी पाहिलेला कागद म्हणून कारकुनानं तिच्या पहिल्या पानावर आधी एक शिक्का मारला. 'नक्कल.'

मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्यापुढं जे आलं त्यावर दुसरं कुणी दुसरं काही लिहू शकलं नसतं. त्या मास्तराजवळ शिक्क्याचा अर्धा कागद होता आणि माझ्याजवळ अख्खा गाव होता. बीडचे म्हातारे छापखानेवाले पुस्तक छापून येण्याआधीच वारले होते; त्यांचं बोलणं मला त्या घोंगडीवर बसल्या बसल्या शब्द न् शब्द आठवलं, पण तोवर काय उपयोग!

साहेबांचा टांगा गेला तसे पाटील बाहेर आले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "कसं काय मास्तर! बसली का न्हाई आपली बाजू?" मी म्हटलं, "बसली." त्यांना खरं काय झालं ते सांगावं, असं मनात दोन-तीन दिवस घोळत होतं. सांगितलं नाही. पुस्तकावरचं नाव बदललं नाही, तेव्हा त्या मास्तराकडून कचेरीनं खाल्लेले पैसे आडवे आले असं ते मरेपर्यंत मानत राहिले.

चार-पाच दिवसांनी बायको म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला खोटं पाडलं न्हाई ते बरं केलं." आणि मग रडायला लागली. मीही रडलो. त्यानंतर आम्ही दोघांनी हा विषय घरात काढला नाही.

पण शाळेत तो रोज निघे. पुस्तक सरकारी, शिकवणं भाग. पुस्तकात आहे ते शब्द न् शब्द पाठ करून घ्यायचं, असा हुकूम. मुलं माझ्या ओळी बिनचूक म्हणायची आणि शेवटच्या नव्या ओळीवर हमखास अडखळायची. त्या ओळीत त्या मास्तराचं तीन अक्षरी नाव आणि पुढं 'म्हणे ऐका बाळांनो'. दहा अक्षरं. सगळं पद्य आठावर चालतंय आणि शेवटी हे लंगडं. मुलांच्या जिभा तिथं आपोआप थांबत, आणि दुसऱ्या वर्षीच्या परीक्षेत सगळा वर्ग ती ओळ गाळून गप्प बसला. नवे साहेब माझ्याकडे पाहू लागले. मला वाटलं, साहेबांना वाटेल मी मुद्दाम शिकवली नाही.

मी उठलो आणि ती ओळ स्वतः मोठ्यानं म्हणून दाखवली. म्हणता म्हणता मधला 'ऐका' माझ्या तोंडून गळाला. त्याची गरजच नव्हती. तीन, दोन आणि तीन, आठ अक्षरं झाली. मुलांनी माझ्यामागून ती एका दमात म्हटली, पुन्हा म्हटली, आणि साहेब खूश होऊन म्हणाले, "आता छान बसली." खरंच बसली होती. साहेबांनी ती लिहून नेली, पुढच्या आवृत्तीत ती तशीच छापून आली, आणि आता आमच्या भागात लहान लेकरूसुद्धा त्याचं नाव घेतल्याशिवाय ते पद्य संपवत नाही.